रविवारचा शुद्ध मराठीचा वर्ग

वर्ग का सोडला, असं तू विचारलंस म्हणून सांगते. बाकी कुणाला मी तब्येतीचं कारण देते.

माझ्या नवऱ्याची, हेमंतची बदली कुंभकोणमला झाली तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं तर जेवले होते. पण पुण्यात बावीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलेल्या बाईने या गावात करायचं काय, हा प्रश्न खरा होता.

आमच्या गल्लीच्या टोकाला, पितळी भांड्यांच्या दुकानावर एक लहानसं वाचनालय आहे. रविवारी दुपारी तिथे काही ना काही चालतं. मुलांची चित्रकला, बायकांचं शिवण, म्हाताऱ्यांना मोबाईल शिकवणं. अशा ठिकाणांबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. ज्यांना काही येत नाही त्यांनी, ज्यांना काहीच येत नाही त्यांना शिकवायचं. ते वाचनालय सांभाळणारी वत्सला एकदा घरी आली. तंजावरच्या मराठा दरबाराबरोबर आलेल्या घराण्यातली, तीन शतकं इथेच राहिलेली.

"बाई, आम्हांस हल्लींचें मराठी शिकवाल काय? आमचीं मुलें नोकरीस पुण्यास जातात, तेथें लोक हांसतात."

मलाही हसू आलं. मी हो म्हटलं ते त्या हसण्यापायीच.

सात जण यायचे. सगळ्यांत वयस्कर गोमतीबाई, ऐंशीच्या पुढच्या. पोस्टातून निवृत्त झालेले त्यागराज सायकलवरून यायचे. बाकीच्या पाच बायका. खोलीत जुन्या कागदांचा आणि विड्याच्या पानांचा वास, खालून भांडी ठोकल्याचा आवाज. आणि ती भाषा! 'आहे' म्हणायचं तिथे 'असे', 'झालं'च्या जागी 'जाहलें'. मी एकेक शब्द चिमटीत धरून बाजूला ठेवावा तशी दुरुस्त करत असे. त्यांची आणखी एक खोड होती. मी वाक्य सांगितलं की सगळे मान किंचित तिरकी करून क्षणभर थांबत, मग म्हणत. याला मी मंदपणा म्हणत असे, त्यांच्यासमोरच.

आणि मी त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून पुण्याच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकत असे. त्या हसून लोळत. हे मी लपवत नाही.

चौथ्या रविवारी एकीने लिहिलं, "अगं, तुझ्याही चुका काढणारं कुणीतरी भेटलंय की. कोण गं ते?"

मी इअरफोन लावून ऐकलं. माझा आवाज उदाहरण देत होता, "त्यागराज सायकलवरून येतात." आणि लगेच, माईकच्या अगदी जवळून, दुसरा आवाज.

"येतात नव्हे. येत."

बाईचा की पुरुषाचा, कळेना. पण सूर ओळखीचा होता. कंटाळलेला, वरून खाली बघणारा. वर्गात मी लावते तो. सगळ्यांच्या त्या क्षण-दोन क्षणांच्या थांब्यातच तो बोलला होता, आणि मग सातही जणांनी माझंच वाक्य म्हटलं.

मैत्रिणींचीच काहीतरी थट्टा असणार, असं मी ठरवलं. पुढच्या रविवारी त्यागराज आले नाहीत. न्हाणीघरात पडून कंबरेचं हाड मोडलं होतं. सायकल आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्या दिवशी मी फोन मुद्दाम टेबलाच्या मधोमध ठेवला आणि वर्ग संपताच, जिन्यात उभी राहूनच ऐकलं. बराच वेळ काही नव्हतं. मग माझं वाक्य आलं, "माझी आई पुण्यात असते."

"असते नव्हे. असे."

मी स्वतःची समजूत घातली. या लोकांच्या बोलीत 'असे' म्हणजे 'आहे'च ना. आई आहेच. घरी येऊन तिला फोन केला, ती भेंडीच्या भाजीबद्दल बोलली. मंगळवारी दुपारी ती खुर्चीत बसल्याबसल्या गेली. आमच्या शुद्ध मराठीत 'असे' म्हणजे 'पूर्वी असायची', हे मला कुणी शिकवायला नको होतं.

पुण्याहून तेरावा उरकून परत आले तेव्हा आधी, वर्गासाठी माझ्याकडे दिलेली वाचनालयाची किल्ली परत करायला गेले. हेमंत खाली स्कूटरवर बसून राहिला. वर वत्सला होती, गोमतीबाई होत्या, आणखी दोघी होत्या. मला बसवलं, कॉफी दिली. मी फार वेळ धीर धरू शकले नाही.

"या खोलीत… अजून कुणी बोलतं का?"

गोमतीबाईंना आश्चर्य वाटलं नाही.

"तें तर आम्हांस पहिल्यापासून ऐकूं येतें, बाई. तें बोलून होईपर्यंत आम्ही थांबतों. तुम्ही थांबत नव्हतां."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्हांस काय सांगणार," वत्सला खाली बघत म्हणाली. "आम्ही बोललों कीं तुम्ही शब्दच दुरुस्त करीत होतां."

"कोण आहे ते? इथलं कुणी… गेलेलं?"

"येथलें नव्हे," गोमतीबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षें मी येथें येतें. पूर्वीं नव्हतें. तुम्ही ज्या दिवशीं आलां, त्या दिवशीं तुमच्या मागून जिना चढून आलें. आम्हांस वाटलें, तुमचेंच कोणी असेल."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. त्या चौघींच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल दया होती. मेलेल्या आईचं दुःख एकवेळ सोसेन, पण तशा लोकांची दया मला आजही सोसत नाही.

विषय बदलावा म्हणून गोमतीबाईंनी हळूच विचारलं, "येथें घरीं कोण असतें सोबत?"

बावीस वर्षांची सवय. पूर्ण वाक्यात उत्तर गेलं.

"हेमंत आणि मी, आम्ही दोघंच आहोत."

चौघींनी माना किंचित तिरक्या केल्या. खाली भांडी ठोकणं त्या वेळी थांबलेलं होतं. माझा फोन पर्समध्ये, बंद. मला काहीच ऐकू आलं नाही. मग वत्सलाने तोंडावर पदर धरला आणि गोमतीबाईंनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"काय म्हणालं?" मी विचारलं. "गोमतीबाई… काय म्हणालं ते?"

"कॉफी निवेल, बाई. घ्या."

याला आठ महिने झाले. हेमंत ठणठणीत आहे, मीही आहे. त्या वाक्यातला कुठला शब्द चुकला होता, 'हेमंत', 'मी' की 'दोघंच', ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.