गाडी नंबरच्या नावाने

“चाक बोलतं, पोरी. तू फक्त ऐकत जा.”

ट्रक चालवणाऱ्या मामाचा हा आवाज ती सतरा वर्षांची असताना कानात शिरला, तो तिथेच मुक्कामाला राहिला. गाडी थांबली की लोखंडी गज हातात घ्यायचा, भोवती फेरी मारायची, एकेका चाकाला टोला द्यायचा. भरलेलं चाक टणटणीत बोलतं, हवा उतरलेलं कुरकुरतं. बाईमाणसाला ट्रक शोभतो का, असं घरच्यांनी विचारलं, तेव्हा तिने उत्तर दिलं नव्हतं. परवानाच काढून आणला होता.

आज भर दुपारी हायवेच्या थांब्यावर मागचं डावं चाक कुरकुरलं. टायरवाला जॅक घेऊन आला आणि दोन वर्षं चाललेली टोमण्यांची देवघेव पुन्हा सुरू झाली. खड्डे ती शोधून शोधून काढते, असं त्याचं म्हणणं. तिचं म्हणणं, याने काढलेलं पंक्चर बरोब्बर याच्याच दारात पुन्हा होतं.

“चाकाला माणूस कळतो, ड्रायव्हरसाहेब,” तो म्हणाला, आणि जरा जास्तच वेळ नटबोल्टकडे बघत राहिला.

एरवी ती हसली असती. पण रविवारी पाहुणे येणार होते. मुलगी पसंत होती त्यांना, फक्त तिने ट्रकवरून उतरायचं, एवढीच अट. दादाने विचारलं तेव्हा ती गप्प बसली आणि दादाने त्या गप्प बसण्याचाच होकार करून टाकला. ही शेवटची खेप, हे तिने इथे कुणालाच सांगितलं नव्हतं.

स्वतःवरच चिडून ती दुकानामागे गेली. हातातला गज खांबावर आपटला, पिंपावर आपटला, भिंतीवरच्या दाट वेलीवर आपटला... आणि वेलीच्या आतून पत्रा वाजला. पोकळ.

तिने पानं बाजूला सारली. आत टपालपेटी! कधीकाळी रस्ता या अंगाने जात होता. रस्ता सरकला, पेटी राहिली. आता तिला ना पोस्टमन विचारत होता, ना कुणी वाटसरू. तिने आणखी एक टोला दिला, तसा गंजलेला तळ निखळला आणि पाकिटं भराभर तिच्या पायांवर सांडली.

एकोणीस पाकिटं. नवी करकरीत, चिकटवलेली. एकावरही माणसाचं नाव नाही. प्रत्येकावर तिच्या ट्रकचा नंबर... आणि कोपऱ्यात काळ्या ग्रीसचा अंगठा.

तिने एकही फोडलं नाही. सगळी छातीशी धरून ती पुढे आली, चहा पीत बसलेल्या चार ड्रायव्हरांच्या देखत तिने पाकिटं उतरवलेल्या चाकावर ठेवली.

त्याच्या हातातला पाना थांबला. “ती पेटी कुणी उघडत नाही,” तो पुटपुटला.

“म्हणून टाकलीस?”

“म्हणूनच.”

“वाच.”

“इथे? लोक बघतायत—”

“बघू देत. माझ्या गाडीच्या नावाने लिहिलंस, गाडीसमोरच वाच.”

बाकावरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांनी कप खाली ठेवला आणि त्याला सुनावलं, की बाबा, एवढ्या उन्हात ती उभी आहे, आता तोंड उघड.

त्याने वरचं पाकीट फोडलं. कान लाल. “आज तू वीस मिनिटं उशिरा आलीस. तेवढ्यात मी एकच चाक तीनदा धुतलं. तुझ्या आरशाला तडा गेलाय, बदलून घे. तू इथे थांबावंस असं मला वाटत नाही. थांबलेली तू मला ओळखूच येणार नाहीस. तू जात जा... फक्त येत जा.”

वाऱ्याने वेल सळसळली.   रविवारचे पाहुणे, त्यांची अट, शेवटची खेप... सगळं तिने त्याला एका दमात सांगून टाकलं.

 कागदाची घडी करता करता तो एवढंच म्हणाला, “आणि तू? तू काय सांगितलंस त्यांना?”

“काहीच नाही. तीच तर चूक झाली.”

तिने फोन काढला. पलीकडून दादाचा आवाज आला. कुठवर पोचलीस, वेळेत ये, वहिनीने तयारी केलीय. तिने त्याला बोलू दिलं. नजर मात्र समोरच्या काळ्या हातांवरून हलवली नाही.

“दादा, ऐक. त्या लोकांना येऊ नका म्हणून कळव. मी गाडीवरून उतरणार नाही, रविवारीही नाही आणि नंतरही नाही. आणि आणखी एक... दोन वर्षं झाली, सांगितलं नव्हतं. माझं एकावर प्रेम आहे. तो आत्ता माझ्यासमोर उभा आहे, आणि हे तोही पहिल्यांदाच ऐकतोय.”