वाघ्याच्या नावाची सुई

"हा वाघ्या नाहीच!" सुरय्या कुजबुजली.

राईस मिलच्या कुंपणावरून तीन डोकी आत डोकावत होती. सुरय्या, श्रावण आणि सीता. तिघंही सातवीतली. दिवाळीची सुट्टी, गावात धानकापणीची धांदल, आणि ही मुलं एका कुत्र्याकडे टक लावून उभी! बघणाऱ्याला रिकामपणाच वाटला असता. पण सुरय्या सकाळपासून त्या कुत्र्यावर पाळतच ठेवून होती.

मिलच्या ओट्यावर कुत्रा बसला होता. अंगभर कोंड्याची पूड, गळ्यात पितळी बिल्ला. मिलचे मालक लहानूभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवत होते. "पाहा, वाघ्या कसा ठणठणीत आहे! बिल्ला बी आहे. उगाच लोक घाबरून राह्यले!"

"शेपूट हलवून राह्यला व तो!" सीता म्हणाली.

वाघ्यानं जन्मात शेपूट हलवली ती फक्त माशा हाकलायला.

"हा राजा आहे. वाघ्याचा भाऊ," श्रावण म्हणाला. "रंग एकच, पण हा चोरालेबी चाटते."

"मंग वाघ्या कुठी आहे?" सुरय्यानं विचारलं.

चार दिवसांपूर्वी सुरय्याचा धाकटा भाऊ नवाब मिलवर कणी आणायला गेला आणि वाघ्या त्याच्या पोटरीला कडाडून चावला. सुरय्यानं त्याला हापशावर नेऊन जखम साबणानं कितीतरी वेळ धुतली. हे तिला मेश्राम डॉक्टरांनी शिकवलं होतं. मेश्राम गुरांचे डॉक्टर. दिवाळीच्या तोंडावर गावात दवंडी पिटली होती, 'प्रत्येक पाळीव कुत्र्याला पिसाळीची सुई टोचलीच पाहिजे! सुई टोचली की बिल्ला! बिल्ला नाही त्याचा कुत्रा धरून नेणार, मालकाला दंड!' त्या दिवशी दुपारपर्यंत कुत्र्यांचे दोर धरायला हेच तिघं होते. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, "चावलेल्या माणसाला सुया लवकर द्यायच्या. एकदा रोग दिसला की मग जगात औषध नाही."

जगात नाही! सुरय्याला त्या वाक्यानं झोप येत नव्हती.

पण अब्बा, म्हणजे सायकल दुरुस्तीवाले जलालुद्दीन, निर्धास्त होते. "बिल्ला आहे ना बेटा! मग पोराले चंद्रपूरले नेऊन पोटात चौदा सुया काऊन टोचायच्या?" लेकराच्या पोटातल्या चौदा सुया टळत असतील, तर माणूस पितळेच्या तुकड्यावरही विश्वास ठेवतो.

इतक्यात मिलच्या मागून आवाज आला. भुंकणं नव्हतं, रडणंही नव्हतं. कुणीतरी घसा बसलेल्या माणसासारखं घोगरं ओरडत होतं.

तिघं वाकून मागच्या बाजूला गेली. कोंड्याच्या खोलीला बाहेरून भलं मोठं कुलूप होतं. सीतानं दाराच्या फटीला डोळा लावला आणि झटकन मागे सरली.

"वाघ्या! त्याचा जबडा लोंबून राह्यला... तोंडातून लाळेच्या तारा!"

"हात नको लावू दाराले!" श्रावण ओरडला. "पळा!"

तिघं थेट सायकलच्या दुकानात. जलालुद्दीननं हातातली ट्यूब टाकली आणि मुलांबरोबर मिल गाठली. तिथं लहानूभाऊ खो खो हसले.

"त्या खोलीत कोंडा आहे, जलालभाऊ! आत कोल्हं घुसलं असंल. लेकराइले सुट्टी लागली की त्याइले दिवसाबी भुतं दिसतात!"

"मंग उघडा न खोली!" सुरय्या म्हणाली.

"चाबी मुनीमजीजवळ, अन् मुनीमजी गेले राजुऱ्याले." लहानूभाऊंचे मुनीम अडचणीच्या वेळी नेमके राजुऱ्याला जात.

जलालुद्दीन गोंधळले. एकीकडे मोठा माणूस, दुसरीकडे तीन पोरं. तेवढ्यात फटफटीचा आवाज आला. चावलेला कुत्रा आजारी पडतो का, हे दहा दिवस बघावं लागतं. म्हणून मेश्राम डॉक्टर तालुक्याच्या मूल गावाहून आले होते.

"या, या डाक्टरसाहेब! हा पाहा वाघ्या!" लहानूभाऊंनी राजाला पुढं केलं. राजानं डॉक्टरांचा बूट चाटला.

"डाक्टरसाहेब, हा वाघ्या नाई!" सुरय्या म्हणाली.

"अवं, मालक मी का तू?" लहानूभाऊ गरजले.

डॉक्टर राजाकडे, मग बिल्ल्याकडे बघत राहिले. दोघं भाऊ जुळ्यासारखे. आता डॉक्टर 'ठीक आहे' म्हणतील, फटफटीला किक मारतील, आणि नवाब... सुरय्यानं डोळे घट्ट मिटले. काहीतरी आठवायला हवं होतं. सुई टोचताना राजा कुठं उभा होता? दोर कुणाच्या हातात होता? आणि एकदम तिच्या डोळ्यांपुढं डॉक्टरांच्या हातातला कापसाचा जांभळा बोळा आला!

"श्रावण, काडी फेक! बोडीत!"

मिलला लागूनच बोडी होती, धानाला पाणी देणारं छोटं तळं. श्रावणला कारण कळलं नाही, पण त्यानं काडी मात्र झकास फेकली. राजानं धूम ठोकली आणि धपाक! पाण्यात!

"धरा त्याले! धरा!" लहानूभाऊ इतक्या जोरात ओरडले की डॉक्टरांना प्रथमच संशय आला.

राजा काडी तोंडात धरून बाहेर आला आणि नेमका लहानूभाऊंच्या पांढऱ्याशुभ्र धोतराजवळ उभा राहून त्यानं अंग झटकलं. ओला कोंडा धोतरावर, कुत्रा स्वच्छ! त्याच्या डाव्या मांडीवर जांभळा डाग होता. उजव्या मांडीवरही जांभळा डाग होता!

"साहेब," सुरय्याला धाप लागली होती, "टोचलेल्या जागी तुम्ही जांभळं औषध लावलं होतं न? एका कुत्र्याले एकदाच? मंग याले दोन काऊन?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "एकच कुत्रा दोनदा आणला! सकाळी राजा म्हणून या बाजूनं, संध्याकाळी वाघ्या म्हणून त्या बाजूनं. आणि गर्दीत मलाच कळलं नाही." मग त्यांचा आवाज बदलला. "लहानूभाऊ, वाघ्या कुठं आहे?"

लहानूभाऊ ओट्यावर बसले. "सुई टोचली की कुत्र्याचं नाक जाते, असं सारेच म्हणतात, साहेब! रानडुक्कर धानात शिरलं तर वास वाघ्याच घेते. त्याचं नाक गेलं असतं तर पीक कोण राखणार?"

"आता नाकच काय, कुत्राच जाणार!" डॉक्टर म्हणाले. चाबी राजुऱ्याहून थेट लहानूभाऊंच्या खिशात आलेली निघाली. पण डॉक्टरांनी कुलूप काढलंच नाही. फटीतून एकदा पाहिलं आणि सगळ्यांना मागे ढकललं. "पिसाळलाय. कुणीही जवळ जायचं नाही. लहानूभाऊ, जीप काढा! नवाबला आत्ताच्या आत्ता चंद्रपूरला न्यायचं. आणि याला खायला कोण घालत होतं?"

"मीच. हातानं भरवून राह्यलो होतो, पण तो खाईच ना. दात लागला थोडासा." लहानूभाऊंनी खरचटलेलं बोट दाखवलं आणि मग आपल्या भल्या मोठ्या पोटाकडे बघितलं.

"तुम्हीही बसा जीपमध्ये," डॉक्टर म्हणाले.

वाघ्या दोन दिवसांनी मेला. चंद्रपूरच्या दवाखान्यात रोज सकाळी रांगेत पुढं नवाब, मागं लहानूभाऊ. नवाब दात खाऊन गप्प राही. लहानूभाऊंची बोंब थेट फाटकापर्यंत ऐकू येई.

सुया संपल्या, पण घरातली धास्ती संपली नाही. पिसाळीचा रोगी पाण्याला भितो, असं डॉक्टर म्हणाले होते. नवाबनं पेला उचलला की अम्मी चुलीपासून वळे, अब्बांचा पाना हातातच राही. सुरय्या तर श्वासच रोखून धरी. धान घरात आलं, थंडी वाढली, शाळा सुरू झाली, तरी असंच.

थंडी सरता सरता मेश्राम डॉक्टर पुन्हा सुया घेऊन गावात आले. चावडीसमोर सगळ्यांदेखत म्हणाले, "या वेळी कुत्र्यांचे दोर मालकांनी धरायचे आणि मालकांवर नजर या तिघांनी ठेवायची. मागच्या वेळी गावात शहाणपण होतं ते यांच्याचजवळ!" लहानूभाऊ राजाला घेऊन रांगेत सर्वांत पुढं उभे होते, मान खाली घालून.

जलालुद्दीननं सुरय्याच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, तू बोलत होती तवा मी बिल्ला पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले.

तेवढ्यात गोट्या खेळून घामेघूम झालेला नवाब धावत आला. त्यानं चावडीतल्या माठातून तांब्या भरला, तोंडाला लावला आणि एका दमात गटागटा रिकामा केला. मग बाहीनं तोंड पुसत त्यानं वर पाहिलं. अब्बा, अम्मी, सुरय्या, श्रावण, सीता, डॉक्टर, सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"काय पाहून राह्यले सारे?" नवाब वैतागून म्हणाला. "तहान लागली होती न!"

आणि त्यानं तांब्या पुन्हा माठात बुडवला.