पॉइंटबाईंची सही

फाउंड्रीतून सॅम्पल घेऊन नेहमी टेम्पोवाले काका यायचे. त्या दिवशी काकांची कंबर धरली म्हणे, आणि लॅबच्या खिडकीशी येऊन उभा राहिला तो. बाह्या दुमडलेल्या, भुवईला काजळी लागलेली, हातात बटाट्याएवढा पोलादाचा तुकडा.

"पॉइंटबाई कुठे भेटतील?"

तिने मान वर केली. रिपोर्टमध्ये पॉइंटनंतरचा एकही आकडा सोडत नाही म्हणून आपल्याला हे नाव पडलंय, हे तिला ठाऊक होतं. तोंडावर म्हणायची छाती मात्र आजवर कुणाची झाली नव्हती.

"समोरच बसल्यात," ती म्हणाली. "आणि त्या चावत नाहीत."

त्याची बोबडीच वळली. "म्हणजे... मला वाटलं, कुणीतरी वयस्कर... जाड चष्म्याच्या..."

"चष्मा खिशात आहे. आणा तो तुकडा."

ती हसू दाबत ग्राइंडरपाशी गेली. कार्बन मोजणाऱ्या मशीनवर ठेवण्याआधी तुकडा घासून लख्ख करावा लागतो. ग्राइंडरच्या खरखरीत, फिरत्या पट्ट्यावर टेकवताच ठिणग्यांचा फवारा उडाला, तसा तो अगदी जवळ येऊन वाकला.

"पॉइंट बावीस टक्के कार्बन," तो म्हणाला.

"अहो, नुसत्या ठिणग्या बघून?"

"बाबांनी शिकवलंय. जितक्या जास्त फुटतात, तितका कार्बन जास्त. या बघा... कशा शांत आहेत."

तिने बघितलं. ठिणग्यांकडे कमी, त्याच्याकडे जास्त. मग तो बोलतच राहिला. भट्टी आज पहिल्यांदा त्याच्या एकट्याच्या हाती होती. चाळीस गिअर ओतले होते. लॉट नापास झाला, तर उद्यापासून बाबा पुन्हा भट्टीवर आणि हा ऑफिसात फायलींपुढे, असं बाबांनी बजावलं होतं.

"फायलींपुढे मी मरेन हो," तो म्हणाला, आणि दोघंही हसले.

मशीनवर आकडा उमटला आणि तिचं हसू मावळलं. पॉइंट चौतीस. चालतो फक्त पंचवीसपर्यंत.

"परत एकदा बघता का?"

"तीन ठिकाणी बघितलंय. सहा वर्षांत माझा एक रिपोर्ट मागे आलेला नाही." तिने सही ठोकली.

त्याने कागदाची घडी केली. "ठिणग्या तशा नव्हत्या, मॅडम," एवढंच म्हणाला आणि गेला.

तिला चुटपुट लागली. जाऊ दे, काम म्हणजे काम, असं मनाला बजावत तिने पुढचा तुकडा उचलला, पट्ट्याकडे बघितलं आणि तुकडा तसाच खाली ठेवला. पट्टा काळाकुट्ट होता. सकाळी त्यावर बीड घासलं होतं, कार्बनने ठासून भरलेलं! तोच कार्बन पोलादाला लागला होता. बिडानंतर पोलाद घासायचं तर पट्टा बदलायचा, हे ती नवशिक्यांना पहिल्याच दिवशी दरडावून सांगायची. आणि आज स्वतःच...

तिने नवा पट्टा चढवला. त्याचा तुकडा पुन्हा घासला, मशीनवर ठेवला.

पॉइंट बावीस.

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिने जुन्या रिपोर्टच्या प्रतीवर आडवी रेघ मारली, नव्या कागदावर सही केली आणि स्कूटरला किक मारली.

फाउंड्रीत गिअर भट्टीपाशी आणून रचले होते, पुन्हा वितळवायला. तो भिंतीला टेकून उभा होता. पहिला गिअर साखळीवर चढला होता आणि शेजारी जळक्या हातमोज्यांतले एक म्हातारे गृहस्थ हुकूम सोडत होते. हेच बाबा, ती समजली.

"थांबा!" भट्टीच्या घरघरीवर तिचा आवाज चढला. "लॉट पास आहे. चूक माझी."

तिने कागद पुढे केला आणि पट्ट्याची सगळी हकीकत सांगून टाकली, आढेवेढे न घेता; सहा वर्षांतली ही पहिलीच चूक, हेही. बाबांनी कागद वाचला, मग चष्म्यावरून तिच्याकडे रोखून बघितलं.

"सहा वर्षांत नाही, मग आजच कशा विसरलात, बाई?"

आता लपवायचं तरी काय? तिने सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "तुमचा मुलगा बोलत होता. मी त्याच्याकडेच बघत राहिले."

साखळी ओढणारा थबकला. मुलाचे कान भट्टीसारखे लाल झाले. "मॅडम... तुम्ही हे... सगळ्यांसमोर—"

"चूक सगळ्यांसमोर कबूल केली ना? मग हे का लपवू?"

तो हळूच म्हणाला, "मी काकांना सुट्टी घ्यायला लावली होती... त्यांची कंबर ठणठणीत आहे. पॉइंटबाई दिसतात कशा, ते बघायचं होतं."

"अरे गाढवा!" बाबांनी हातमोजे काढून त्याच्या हातात कोंबले. "ही घे तुझी भट्टी. आणि यापुढे सॅम्पल घेऊन मी जात जाईन, नाहीतर आपला एक लॉट धड पास व्हायचा नाही."

"नको हं, बाबा," ती पटकन म्हणाली, आणि आपण 'बाबा' म्हणालो हे तिच्या नंतर लक्षात आलं. "यांनाच पाठवा. पट्टा मी आधीच बदलून ठेवेन."