चौथी हाक

ही गोष्ट खरी आहे. हर्सूलच्या कडूबाची, म्हणजे माझ्या आजीच्या सख्ख्या काकाची. साल फसली १३४३, म्हणजे इसवी १९३४, निजामाचा अंमल. रात्र नव्हती, अंधारही नव्हता. होळीनंतरच्या मंगळवारची भर दुपार आणि औरंगाबादच्या दिवाणी अदालतीचं आवार.

दावा विहिरीच्या पाण्याचा होता. शेजारच्या तात्यासाहेबानं कडूबा आणि त्याचा थोरला भाऊ फकिरा यांची पाण्याची पाळी बंद केली होती. संत्र्याची चाळीस झाडं त्या पाण्यावर जगायची. दावा चालू असेतो अदालतीच्या हुकमानं थोडं पाणी मिळायचं, तेवढंच. नऊ वर्षं, चौसष्ट तारखा, झिजलेल्या वहाणांचे पाच जोड. आवारातल्या कडुनिंबाची फांदी न् फांदी कडूबाला पाठ झाली होती.

मधल्या काळात फकिरा त्याच विहिरीत पडून मेला. कडूबानं हे वकिलाला सांगितलंच नाही. अर्धा दावेदार गेला तर अर्धं पाणी जाईल, हा त्याचा हिशेब. भाऊ आजारी असतो, एवढंच तो सांगे.

त्या दुपारी तो कडुनिंबाखाली बसला होता. पुकार आली.

"फकिरा वल्द राणोजी... कडूबा वल्द राणोजी..."

आवाज चपराशी चांदपाशाचा नव्हता.

फकिराचा होता...

कडूबा हलला नाही. त्यांच्या घरात रीत होती. मेलेलं माणूस तीनच हाका मारतं, चौथी आली तरच ओ द्यायची.

दुसरी हाक आली.

तिसरी...

तो चौथीची वाट बघत बसला. पण अदालतही तीनच हाका मारते.

शेवटी आत गेला, तोवर कागदावर चढलं होतं. मुद्दई, म्हणजे दावा लावणारा, गैरहजर; दावा खारिज.

वकील मुख्तारसाहेबांनी कपाळाला हात लावला. महिन्याच्या आत बहालीचा अर्ज दिला तर दावा पुन्हा उभा राहतो, पण न येण्याचं सबळ कारण लागतं. मेल्या माणसाचा आवाज आला, असं कडूबानं सांगितलं. कुणाचा, ते गिळलं.

"भूत लिखूं क्या?" वकील म्हणाले. "मुन्सिफसाहेब म्हणतील, उसकू भी समन भेजो."

अर्जात ताप लिहिला. आणि बजावलं, बहालीच्या दिवशी पहिल्याच पुकारीला उठायचं.

रामनवमीनंतर ती तारीख आली. दावा गेल्यापासून तेवढंही पाणी बंद होतं, झाडांची पानं वळायला लागली होती. कडूबा इतका थकला होता, की भ्यायचंही त्याच्या जिवावर आलं होतं.

हाक आली.

तोच आवाज...

"ओ," म्हणत तो उठला. "आलो, दादा."

आत गेला, अंगठा उठवला. मान वर केलीच नाही. दावा बहाल झाला.

बाहेर आला तर चांदपाशा विडी विझवत होता. "किधर गये थे, कडूबा? तुमचीच पुकार करायला निघालो."

एवढ्यात मागून मुख्तारसाहेब आले, लई खुशीत.

"बरं झालं, आज भावाला आणलंस. बिचारा एक शब्द बोलला नाही. पण एवढ्या उन्हात त्याचे कपडे ओले कसे?"

कडूबानं मागं वळून पाहिलं नाही. थेट हर्सूलपर्यंत नाही.

मागं वहाणा वाजत होत्या... ओल्या.

विहिरीच्या वळणावर थांबल्या.

दावा पुढं सहा वर्षं चालला. एकही तारीख चुकली नाही. त्याची बायको साळूबाई दर तारखेला दोघांची शिदोरी बांधायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "दोघं जातेत. दोघांचं बांधावं लागतं."

शेवटी तात्यासाहेबच कंटाळला. तडजोड झाली, पाळी सुटली, झाडं जगली.

त्या तडजोडीचा कागद आमच्या घरी आहे. त्यावर दोन अंगठे आहेत. दुसऱ्याची शाई पसरलेली आहे, ओल्या बोटानं उठवल्यासारखी.

ऐन उन्हाळ्यातही तेवढा कोपरा दमट लागतो.

मी एकदा हात लावून पाहिलाय. पुन्हा लावणार नाही.