शनीवरची वांगी

त्या दिवशी सुधाकररावांचं रॉकेट शनीच्या कड्यांत अडकलं आणि नेमकी तेव्हाच देवानंदची मोटारसायकल बोथ गावच्या बाजारात, त्यांच्या भाजीच्या दुकानापुढं बंद पडली.

रॉकेट गोष्टीतलं होतं. फवारणीच्या पंपापासून बनवलेलं. ते चालवायचा धोंडीबा माळी, ग्रहाग्रहांवर वांगी विकत हिंडणारा. रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर पोरं जमायची आणि सुधाकरराव गोणपाटावर बसून, कोथिंबिरीच्या जुड्या बांधत गोष्ट सांगायचे. अट एकच — कुणीतरी हुंकारा द्यायचा. "हूं" आलं नाही, की गोष्ट तिथंच थांबायची.

आज पोरांच्या तोंडात पेरू होते.

"हुंकारा कोन देते?" सुधाकररावांनी विचारलं आणि सवयीनं मुलीकडं पाहिलं. उत्कर्षा तराजूमागं जाड पुस्तकात डोकं घालून बसली होती. आदिलाबादच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची. असल्या गोष्टींना तिनं कधीच हुंकारा दिला नव्हता. गोष्ट चालू असताना पुस्तकाचं पान मात्र एकही उलटायचं नाही.

"हूं," रस्त्यावरून आवाज आला. ऑइलनं माखलेल्या हातांचा देवानंद, गावोगाव सौर पंप बसवत फिरणारा.

"बाबा, शनीची कडी बर्फाची हायेत," उत्कर्षा पुस्तकातूनच म्हणाली. "तिथं वांगी कशी टिकतीन?"

"मॅडम, बर्फावर त ताजीच राह्यतीन ना!"

तिनं वर पाहिलं. तो हसत होता… तिनं पुन्हा खाली पाहिलं, पण वाचत असलेली ओळ सापडेना.

"अर्धा किलो वांगी द्या," तो म्हणाला.

"इथली का शनीवरची?"

"तुमी निवडून द्यान ती."

सुधाकरराव मिशीत हसले. "बाकीची गोष्ट उद्या," म्हणाले आणि दुकान आवरू लागले.

पहाटे ते उठलेच नाहीत.

तेरवीनंतर दुकान उघडलं. पोरं यायची, पायरीवर बसायची, काही न मागता उठून जायची. देवानंदही यायचा. वांगी न्यायचा.

"एवढ्या वांग्यायचं काय करून राह्यला हा?" आई, वच्छलाबाई, म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात हसू होतं.

उत्कर्षा हिरव्या देठाची, कोवळी वांगी निवडून द्यायची, तेवढंच.

एका संध्याकाळी छोट्या रुपाला राहवलं नाही. "ताई, धोंडीबा अजून तिथंच हाय का? त्याले भूक लागली असंन."

उत्कर्षानं तोंड उघडलं आणि पुन्हा तराजू पुसायला घेतला.

"मी सांगू?" देवानंदनं हळूच विचारलं. तिनं मानेनंच हो म्हटलं.

तो पायरीवर टेकला. "त धोंडीबा गरगर फिरून राह्यला."

"हूं," रुपा म्हणाली.

"तेवढ्यात भेटली तपासनीस बाई. हातात जाड पुस्तक. म्हने, हे रॉकेट नियमात बसत नाही."

"हूं," पोरं खुदखुदली.

"धोंडीबा म्हने, बाई, मीबी नियमात कोठं बसतो? रोज वांग्यायच्या निमित्तानं येतो. अन् खरं सांगू का… मले वांगी आवडतच नाहीत." त्याचे कान लाल झाले होते.

"मंग येते काऊन?" रुपानं विचारलं.

"तुमाले पाहाले, म्हने. तुमी म्हनसान त रॉकेट गावाकडं वळवू… दोघं मिळून."

रुपानं पटकन तोंडावर हात ठेवला आणि उत्कर्षाकडं पाहिलं. बाकीची पोरंही तिच्याकडंच बघू लागली. देवानंद थांबला. "हुंकाऱ्याबिगर गोष्ट पुढं जात नाही, मॅडम."

गोणपाट रिकामंच होतं. बाबाही असेच थांबायचे, तिच्याकडं बघत… आणि ती पुस्तकाआडून सारं ऐकत असायची.

"हूं," ती म्हणाली. मग देवानंदकडं बघत, पण त्या गोणपाटापर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं ती पुन्हा म्हणाली —

"हूं! पुढं सांगा."