जातो म्हणायचं नाही

गोष्ट सुरू होते ती अगदी साध्या कामापासून. दोन हजार सहा-सात साल असेल. मे महिन्यातली दुपार. शालू आपल्या म्हाताऱ्या वडिलांना रिक्षात घालून नवघरहून मिरा रोडला डबिंगला नेत होती. मध्ये तिची नऊ वर्षांची मिनल, आणि पलीकडे धर्माजी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना चापून तेल, आणि दर चार शब्दांनी धाप.

डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, फुफ्फुसांत पाणी झालंय, आता फार दिवस नाहीत. पण मिनल ज्या पिक्चरमध्ये नातीचा आवाज देणार होती त्यात म्हाताऱ्याचंही काम आहे, एवढं शालूच्या फोनवर ऐकलं आणि धर्माजी अंथरुणात उठून बसले. "तो आवाज माझा," ते म्हणाले. शालूच्या डोक्यात तिडीक गेली. मरणाच्या दारात माणसं देवाचं नाव घेतात, यांना रोल पाहिजे होता.

तिडीक आजची नव्हती. धर्माजी मूळचे राजापूरकडचे, जुने कामगार रंगभूमीवरचे नट. काय आवाज, काय आवाज, असं सगळं परळ म्हणायचं, आणि त्या आवाजापुढे घरात कुणाची बोलायची टाप नसायची. शालूची आई चंपा खानावळीच्या पोळ्या लाटून घर ओढायची. एका वर्षी धर्माजींना टायफॉइड झाला. ते खडखडीत बरे झाले, आणि चंपा त्याच आठवड्यात झोपेत गेली. पुढे त्यांना हार्टअटॅक आला. तेही निभावलं. ते पायांनी चालत घरी आले त्या दिवशी शालूचा धाकटा भाऊ लवू भाजी आणायला म्हणून खाली उतरला, रस्त्याच्या कडेला टेकला, तो उठलाच नाही. धडधाकट पोरगा. आणि लोक सांत्वन कुणाचं करत होते? तर म्हाताऱ्याचं. बिचाऱ्याच्या नशिबी काय काय आलं, म्हणे. बिचारा!

शालूचा नवरा सौदीला होता. घरात ती, मिनल आणि हे. मिनल तिचं सर्वस्व होती.

स्टुडिओ म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरचा दुकानाचा गाळा. भिंतींना फोम ठोकलेला, शटर आतून ओढलेलं, आणि एसीला ओल्या गोणपाटाचा वास. आत शिरलं की बाहेरच्या रिक्षा, हॉर्न, फेरीवाले सगळं एकदम बंद पडायचं. मग आपलाच श्वास मोठा ऐकू यायचा. रेकॉर्डिस्ट रोहित काचेपलीकडे बसून चहा पीत होता.

पिक्चर कुठल्यातरी बर्फाळ देशातलं. भाषा कोणती ते रोहितलाही ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे आलेले संवाद इंग्रजीवरून मराठीत उतरवलेले होते. भुताचं पिक्चर म्हणून कुणीतरी स्वस्तात उचललेलं, आणि बघावं तर भुताचा पत्ता नाही. रक्त नाही, किंचाळ्या नाहीत. नुसतं एक लांब टेबल, भोवती सूप पिणारी माणसं, आणि टोकाला एक म्हातारा. या म्हाताऱ्याने मरणाला कायमचं दारातून परत लावलेलं असतं. पण मरण रिकाम्या हाताने परत जात नाही. म्हणून दर हिवाळ्यात म्हातारा आजारी पडतो, बरा होतो, आणि टेबलाची एक खुर्ची रिकामी होते. म्हातारा सूप पीत राहतो. कॅमेरा त्याच्या चमच्यावरून हलत नाही.

शालूला आई आणि लवू आठवले. तिने धर्माजींकडे पाहिलं. ते पडद्याकडे टक लावून बसले होते, आणि त्यांची धाप थांबली होती.

शेवटी टेबलाशी एकच नात उरते. त्या नातीला मिनलचा आवाज होता. तिचे संवाद संपले होते आणि ती कानाला हेडफोन लावून तशीच उभी होती. पडद्यावरचा म्हातारा उठतो, कोट घालतो, दार उघडतो. बाहेर नुसता बर्फ. तो वळून पोरीकडे बघतो आणि एकच शब्द बोलतो. पोरगी काहीच बोलत नाही. त्या एका शब्दासाठी सगळा खटाटोप होता, कारण म्हातारा अखेर पोरीला सोडतो आणि स्वतः मरायला जातो. कागदावर लिहिलं होतं: 'जातो.'

लाल दिवा लागला. धर्माजी माइकपुढे सरकले.

"येतो," ते म्हणाले.

आणि शेजारून मिनलने, घरी रोज म्हणायची तसं, सहज म्हटलं, "या, आजोबा."

काचेपलीकडून रोहितचा आवाज आला, "काका, येतो नाही, जातो. परत घेऊ."

"मराठी माणूस घरातून निघताना जातो म्हणत नाही," धर्माजी म्हणाले.

"अहो, पण तो मरायला चाललाय!"

"तरी नाही."

परत घेतलं. परत तेच. "येतो." "या, आजोबा." पोरीच्या तोंडात बसलेलंच होतं ते, तिला कोण दोष देणार?

"बाबा, लिहिलंय तेवढं म्हणा ना!" शालू ओरडली.

"नटाला शब्द शिकवू नकोस," धर्माजी म्हणाले. ते किंचित हसत होते.

"जाऊ द्या, शालूताई," रोहितने विषय संपवला. "लिप मॅच होतंय ना? दोन अक्षरं ती, दोन अक्षरं ही. पोरीचं 'या' पण मस्त वाटतंय, ठेवतोय मी. कोण एवढं बघतंय?"

घरी येताना रिक्षात धर्माजी कुठलंसं जुनं नाट्यपद गुणगुणत होते. सबंध रस्त्यात त्यांना एकदाही धाप लागली नाही. मिनल मात्र घसा चोळत होती.

दुसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला. मग पूर्ण गेला. डॉक्टर झाले, घशाचे स्पेशालिस्ट झाले. सगळं नॉर्मल आहे म्हणाले. पोरगी दिवसेंदिवस वाळत गेली. दुपारची झोपली की उठायची नाही, आणि तिच्या उशाला ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. शालू उशी उन्हात टाकायची, अभ्रे बदलायची. वास जायचा नाही.

आणि धर्माजी? ते दुसऱ्यांदा भात मागून घ्यायला लागले. गॅलरीत उभं राहून खणखणीत आवाजात जुने संवाद म्हणायचे. खालून लोक माना वर करून ऐकायचे. "दादा, तुम्ही शंभरी गाठणार!" म्हणायचे. शालूला वाटायचं, खाली जाऊन एकेकाची गचांडी धरावी.

एके दुपारी मिनल आत झोपली होती आणि धर्माजी जेवत होते. सुरमईचा काटा चोखून त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला. शालू समोर बसली.

"बाबा, टायफॉइडच्या वेळी तुम्हाला इस्पितळात नेलं. निघताना आईला काय म्हणाला होतात?"

"काय म्हणणार... येतो म्हटलं."

"आणि आई?"

"या म्हणाली. म्हणतातच की."

"आणि लवू?"

धर्माजींचा घास हातात राहिला. "तोही म्हणाला... या, बाबा."

"तुम्हाला कळलं कधी?"

ते ताटाच्या कडेचा काटा बोटाने सरकवत राहिले. आतल्या खोलीतून मिनलच्या श्वासाची बारीक घरघर येत होती.

"लवूच्या वेळी... थोडंसं."

"आणि तरी माझ्या पोरीसमोर?"

"भीती वाटते गं, शालू," ते हळूच म्हणाले. "तिकडे अंधार असतो... टाळ्या नसतात."

मग त्यांनी आमटीची वाटी तोंडाला लावली.

शालूने ती वाटी हाताने उडवली. तिच्या आईच्या पोळ्या, लवूचं उरलेलं सगळं आयुष्य, सगळं या माणसाने असंच पिऊन टाकलं होतं, आणि वर मिशा पुसून लोकांची हळहळ घेतली होती. तिने त्यांना दंडाला धरून उठवलं. नऊ महिने अंथरूण धरलेला म्हातारा, पण दंड कसा भरला होता! दारापर्यंत ओढत नेलं, चपला पायात सरकवल्या, उंबऱ्याबाहेर काढलं.

"म्हणा. जातो म्हणा."

"घरातून असं हाकलतेस? बापाला?"

"म्हणा!"

धर्माजींनी शर्ट सारखा केला. मान वर केली. आणि प्रयोगातल्या आवाजात, जिन्याच्या तळापर्यंत घुमेल असं म्हणाले, "येतो."

शालूने मागे पाहिलं. मिनल जागी होऊन दारात आली होती. तिचे ओठ उघडत होते. शालूने झेप घेऊन तिच्या तोंडावर हात दाबला, आणि वळून जन्मात कुठल्या लेकीने बापाला म्हटलं नसेल ते म्हटलं.

"जा. जा, बाबा. परत येऊ नका."

धर्माजींच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. आवाज फुटेना. पहिल्यांदाच ते खरोखर म्हातारे दिसले. शालूने मिनलच्या तोंडावरचा हात काढला नाही.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. शेजारच्या हंसाबेन कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला आल्या होत्या. धर्माजी चपला घालून उभे दिसले, तशा त्या तोंडभर हसल्या. निघणाऱ्याला जा म्हणायचं नाही, 'आवजो' म्हणजे 'या' म्हणायचं, ही रीत त्यांच्या गुजरातीतही आहे.

"दादा, बहार चाल्या? आवजो हं... आवजो."

धर्माजींनी शालूकडे पाहिलं. ते हसले. मग कठड्याला धरून पहिल्या पायरीवर बसले आणि बसल्या जागी गेले.

त्यांना अग्नी देऊन लोक परतले, तोवर मिनलने पाणी मागितलं होतं. शब्दात, आवाजात. शालू तिला पोटाशी धरून इतकी रडली की लोकांना वाटलं बापासाठी रडतेय. वाटू दे म्हणाली ती. पोरगी वाचली, आणखी काय पाहिजे होतं? दिवस झाले, सुतक फिटलं. मिनल जेवायला लागली, अंगावर मांस धरायला लागलं. उशीचा वासही गेला.

एका संध्याकाळी शालूने ताट घेतलं आणि हाक मारली, "मिनल, जेवायला ये गं."

आतून आवाज आला. मिनलचाच, कोवळा, स्वच्छ.

"आलो गं, शालू," ती म्हणाली. "वाढ."