कालाफीची पेटी

ज्याला हे खोटं वाटतं त्याने आमच्या नेइआफू गावी येऊन माझ्या तोंडावर बोलावं. मी अजून जिवंत आहे, आणि हे माझ्या भावाच्या घरात घडलंय.

रात्र नव्हती. भर दुपार होती, रविवारची.

आमच्या बेटावर रविवारी कुणी कामाला हात लावत नाही. चर्चमधून यायचं, भट्टीत पानांत भाजलेलं मांस, लू, खायचं, पडायचं. कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत.

पण माझा भाचा मानासे बापाच्या खोलीत जमिनीवर बसला होता. बापाच्या मेल सर्व्हरसमोर.

बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ कालाफी. त्याच वर्षी वारला. हट्टी, माझ्यावर गेलेला. आपली पत्रं परक्याच्या घरी का ठेवायची, म्हणून यंत्र घरातच मांडलं. घरात मूल झालं की लोक माड लावतात. हा यंत्रात मुलाच्या नावाची ईमेलची पेटी उघडायचा. मला धड वाचता येत नाही, तरी एक माझ्याही नावाची केली.

त्या यंत्रात गुरुवारपासून बाहेरचं एकही ईमेल येत नव्हतं.

आणि मानासेचा जीव एकाच पत्रात अडकला होता. त्याची पोर लोसे, हृदयाला भोक. ऑकलंडच्या इस्पितळातून ऑपरेशनच्या खाटेचं पत्र यायचं होतं. हो म्हटलं की खाट लोसेची.

मानासेने सगळं तपासलं. जागा भरली नव्हती. बाहेरून यायची वाट उघडी होती. पत्ता बरोबर होता. स्वयंपाकघरातून बायकोने, मेलेआनेने, घरच्या पेटीतून पत्र टाकलं... लगेच आलं.

मग शेजाऱ्याच्या फोनवरून बाहेरचं पाठवलं.

परत गेलं नाही. आलंही नाही.

फक्त यंत्राचा पंखा थांबला...

कुणी श्वास रोखून वाचावं तसा. मग पुन्हा सुरू झाला.

पुन्हा पाठवलं. पुन्हा थांबला.

शेवटी त्याने यंत्राची नोंद उघडली. बाहेरचं प्रत्येक पत्र आत आलं होतं. घेतलं गेलं होतं. ठेवलं गेलं होतं...

कालाफीच्या पेटीत.

आमच्यात लेकरांनी बापाच्या वस्तूला हात लावायचा नसतो. मेल्यावर तर नाहीच. यंत्र बापाने जिवंतपणी हाती दिलं होतं, पेटी नाही. बापाच्या वर मान फक्त त्याच्या थोरल्या बहिणीचा. म्हणजे माझा.

मला झोपेतून उठवून आणलं. मेलेआने पुटपुटली, यांना मीठ-साखरेच्या डब्यांवरचं वाचता येत नाही, आता हे वाचणार. मी म्हटलं, "तुझ्या स्वयंपाकात दोन्हींची चव सारखीच लागते. सरक."

मानासे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काय दाबायचं ते तिकडूनच सांगत गेला.

यंत्राने पासवर्ड विचारायला हवा होता, म्हणे.

विचारला नाही. पेटी उघडीच होती...

सगळी पत्रं आत. सगळी वाचलेली. इस्पितळाचंही होतं. आणि त्याखाली पाठवलेलं उत्तर. मी एकेक अक्षर जोडत वाचलं.

"खाट नको. मूल घरीच राहील. कालाफी."

"आत्या, पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. तो वळला नाही. फक्त कपाळ भिंतीला टेकवलं.

मला कळलं. कालाफीची बायको ऑकलंडला गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून तो म्हणायचा, त्या शहराला माझं आणखी एक माणूस देणार नाही.

लहानपणी तो माझे खोबऱ्याचे तुकडे लपवायचा. तेव्हा मी जसं दरडावत असे तसंच आता दरडावलं, "कालाफी, सोड."

पंखा थांबला...

आणि मानासेचा फोन वाजत सुटला. अडवलेली सगळी पत्रं एकापाठोपाठ एक. माझं त्याने ऐकलं. नेहमी ऐकायचा.

सगळ्यात शेवटचं इस्पितळाचं. तुमच्या नकारानुसार खाट दुसऱ्या मुलाला दिली आहे.

सोमवारी मानासेने फोनवर हातापाया पडून पाहिलं. गैरसमज झाला असेल, ते म्हणाले, पुढच्या खाटेला नक्की कळवू.

कळवलं. पत्र त्याच दिवशी पोचलं. यंत्र उत्तम चालत होतं.

तेव्हा लोसेला मातीत ठेवून आम्ही नुकतेच परतलो होतो. कमरेला गुंडाळलेल्या शोकाच्या चटयासुद्धा सोडल्या नव्हत्या.

यंत्र मानासेने बंद केलेलं नाही. करवत नाही त्याला. नोंद मात्र रोज पाहतो. घरातल्या घरात रोज एक पत्र जातं, आजोबाच्या पेटीतून लोसेच्या पेटीत.

आणि ते उघडलं जातं...

पोरीला अजून लिहिता येत नव्हतं. उत्तरं कोरीच असतात.

मी म्हटलं, चालू दे, आपलं काय जातं.

पण परवा मानासे माझ्या दारात आला. आत येईना. चपलांकडे बघत म्हणाला, "आत्या, आज तुमच्या पेटीत एक आलंय."

कोणाच्या पेटीतून, ते मी विचारलेलं नाही.